डब्लिनमध्ये नवीन आहात? एफएआय कपची फायनल बघायला जाण्याआधी हे वाचा

आयर्लंडमध्ये नोकरीला किंवा शिकायला आलेल्या मराठी मंडळींना लिव्हरपूल नि मँचेस्टर युनायटेडचे अकराच्या अकरा खेळाडू तोंडपाठ असतात. पण आपण राहतो त्या भागातल्या क्लबचं नाव विचारलं, तर बरेच जण गप्प होतात. मला याचं वाईट वाटतं. इथे दर शुक्रवारी रात्री, घरापासून बसने वीस मिनिटांवर, खऱ्या हिरवळीवर चुरशीचं फुटबॉल चालतं. आणि वर्षाच्या शेवटी दोन आयरिश क्लब देशाच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल मैदानावर कपसाठी भिडतात. ती एफएआय कपची फायनल. ती बघायला जाणं अवघड नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला काही गोष्टी कुणी सांगत नाही. त्या इथे क्रमाने देतो.

## १. आधी स्पर्धा नीट ओळखा

आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचं नाव फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड, म्हणजे एफएआय. त्यांची ही बाद फेरीची स्पर्धा १९२१-२२ च्या हंगामात सुरू झाली. पहिला कप सेंट जेम्सेस गेट या क्लबने शॅमरॉक रोव्हर्सला हरवून जिंकला. त्यानंतर मात्र रोव्हर्सनी कसर भरून काढली. सर्वाधिक कप त्यांच्याच नावावर आहेत, आणि २०२५ मध्ये कॉर्क सिटीला २-० ने हरवून त्यांनी लीग आणि कप एकाच हंगामात घेतले.

स्पर्धेत मोठ्या क्लबांबरोबर स्थानिक लीगमधले हौशी संघही उतरतात. एक सामना हरला की संपलं. फायनल नव्वद मिनिटांत सुटली नाही तर अर्धा तास जादा वेळ, तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. विजेत्याला युरोपातल्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं दार उघडतं, म्हणून छोट्या क्लबसाठी हा एक दिवस पुढच्या अख्ख्या वर्षाचं बजेट बदलू शकतो.

नावांत तीन ठिकाणी फसायला होतं:

- एफए कप हा इंग्लंडचा. तिकीट शोधताना एफएआयमधला शेवटचा आय विसरलात तर थेट वेम्बलीला पोहोचाल.
- आयरिश कप हा नॉर्दर्न आयर्लंडचा, त्याची फायनल मे महिन्यात बेलफास्टमध्ये होते. नॉर्दर्न आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. वाटेत सीमेवर कुणी अडवत नाही, त्यामुळे आपली माणसं बिनधास्त निघतात. पण भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला, हातात आयआरपी कार्ड, म्हणजे इथला रहिवास परवाना, असला तरी, तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो.
- ऑल-आयर्लंड फायनल ही गेलिक फुटबॉलची. ती क्रोक पार्कवर उन्हाळ्यात होते आणि तो खेळच निराळा, त्यात हातही वापरतात. बऱ्याच आयरिश माणसांच्या तोंडी नुसतं "फुटबॉल" म्हणजे गेलिक. ऑफिसात विचारताना सरळ "सॉकर" म्हणा, गोंधळ होत नाही.

महिलांच्या कपची फायनल वेगळी असते. २०२३ ची टॅला स्टेडियमवर झाली होती. लहान मुलींना घेऊन जायचं असेल तर तीही जरूर बघा.

## २. फायनलच्या आधी एक क्लब आपला माना

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर ही पायरी ठेवा. फायनलला तटस्थ म्हणून गेलात तर चांगला सामना बघून परत याल. पण जुलै-ऑगस्टपासून एखाद्या क्लबच्या मैदानावर जाऊन उभे राहिलात, तर फायनलच्या दिवशी तुमच्या घशाला कोरड पडेल. तुमचा क्लब फायनलला पोहोचला नाही तरी चालेल. कुणाच्या विरुद्ध ओरडायचं हे तरी तुम्हाला ठाऊक असेल.

कोल्हापूरच्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठेतलं माणूस घरी थांबत नाही. इथल्या क्लबांचंही आपल्या भागाशी तसंच नातं आहे.

डब्लिनमध्ये प्रामुख्याने चार पर्याय आहेत.

बोहीमियन्स. सगळे "बोज" म्हणतात. स्थापना १८९०, रंग लाल-काळा, मैदान फिब्सबरोचं डेलीमाउंट पार्क. लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, ग्रीन लाइनवर फिब्सबरोला उतरलं की चालत जाता येतं. क्लब सभासदांच्या मालकीचा आहे. २०२० मध्ये त्यांनी जर्सीवर "निर्वासितांचं स्वागत आहे" अशा अर्थाची ओळ छापली होती, आणि परदेशातून आलेल्यांना इथे सहसा मोकळं वाटतं. मैदान जुनं आणि पडझड झालेलं आहे, पण पहिल्या सामन्यासाठी मी नवख्यांना इथलंच नाव सुचवतो.

शॅमरॉक रोव्हर्स. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची जर्सी, मैदान टॅला. लुआसच्या रेड लाइनच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं चालायचं. बसायला, मुलांना घेऊन जायला चौघांत सर्वांत सोयीचं. बोज आणि रोव्हर्स यांचं वैर जुनं आणि कडवं आहे; त्या सामन्याची तिकिटं लवकर संपतात.

सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक. लाल-पांढरा, इंचिकोरचं रिचमंड पार्क. घरांच्या रांगांमध्ये दडलेलं लहान मैदान. २०१४ मध्ये त्यांनी डेरी सिटीला हरवून कप जिंकला तेव्हा आधीच्या कपला ५३ वर्षं झाली होती. आजोबांनी १९६१ चा कप पाहिलेला आणि नातवाने २०१४ चा, अशी घरं तुम्हाला तिथल्या स्टँडमध्ये भेटतील.

शेलबर्न. लाल जर्सी, ड्रमकोंड्राचं टोल्का पार्क. २०२४ मध्ये प्रशिक्षक डेमियन डफच्या हाताखाली त्यांनी लीग जिंकली.

डब्लिनबाहेर राहत असाल तर कॉर्क सिटी, गॉलवे युनायटेड, वॉटरफर्ड, स्लायगो रोव्हर्स, डनडॉक, ड्रॉहेडा युनायटेड आहेतच. डेरी सिटीचं प्रकरण वेगळं: क्लब १९८५ पासून आयर्लंडच्या लीगमध्ये खेळतो, पण त्यांचं ब्रँडीवेल मैदान नॉर्दर्न आयर्लंडमध्ये आहे. वर सांगितलेला व्हिसाचा मुद्दा इथेही लागू होतो. फायनल डब्लिनमध्येच असल्याने तिथे डेरीला बघायला काहीच अडचण नाही.

लीगचा हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर असा चालतो. इंग्लंडच्या वेळापत्रकाची सवय असलेल्यांचं इथे हमखास गणित चुकतं: ते सप्टेंबरमध्ये "सुरुवातीचे सामने" बघायला निघतात, तेव्हा इथे हंगाम शेवटाकडे आलेला असतो.

## ३. तारीख बघा आणि कालनिर्णयही उघडा

२०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षं फायनल नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी झाली. आणि नोव्हेंबर म्हणजे दिवाळीची शक्यता. २०२३ ची फायनल १२ नोव्हेंबरला होती, नेमकं लक्ष्मीपूजन. २०२६ मध्येही दुसरा रविवार ८ तारखेला येतो आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे. त्यामुळे अधिकृत तारीख जाहीर झाली की आधी घरात बोलून घ्या, तिकीट नंतर काढा.

दोन्ही जमवता येतं. तीनला सुरू झालेला सामना पाचच्या सुमारास संपतो. डब्लिनमध्ये त्या दिवसांत साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, आणि भारतातल्या मुहूर्ताच्या वेळा इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीतच. साडेसहा-सातला पूजा मांडायची असं ठरवा. मात्र जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर सामना पाऊण तास लांबतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फराळाचं आदल्या दिवशी उरकलेलं बरं.

## ४. तिकीट: किमतीपेक्षा बाजू महत्त्वाची

उपांत्य सामने साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतात. दोन्ही संघ ठरले की तिकीटविक्री सुरू होते. एफएआयच्या संकेतस्थळावर जी अधिकृत लिंक दिली असेल तिथूनच काढा. गेली काही वर्षं विक्री तिकीटमास्टरवरून होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या किंवा रग्बीच्या मानाने हे तिकीट पुष्कळ स्वस्त असतं आणि मुलांसाठी वेगळा दर असतो. फायनल जिथे होते त्या डब्लिनच्या अव्हिवा स्टेडियमची क्षमता सुमारे ५१,७०० आहे. २०२३ मध्ये सेंट पॅट्रिक्स आणि बोहीमियन्स यांच्या फायनलला ४३,८८१ लोक आले, हा या स्पर्धेचा विक्रम ठरला. एवढी गर्दी दर वर्षी होत नाही, तरी डब्लिनचे दोन क्लब समोरासमोर आले तर चांगल्या जागा भराभर जातात.

तिकीट काढताना खरा प्रश्न असतो बसायचं कुठे. प्रत्येक क्लबला मैदानाची ठरावीक बाजू दिलेली असते. नवखा माणूस नकाशावर जिथे स्वस्त किंवा मधली खुर्ची दिसेल तिथे बोट ठेवतो, आणि मग आपल्या संघाच्या गोलवर उडी मारतो तेव्हा आजूबाजूला हजारो माणसं गप्प बसलेली असतात. मारामारी होईल असं नाही, पण सुरक्षारक्षक तुम्हाला उठवून दुसरीकडे नेऊ शकतात, आणि दिवसाचा आनंद तिथेच संपतो. म्हणून:

- पाठिंबा ठरलेला असेल तर त्या क्लबने आपल्या संकेतस्थळावर सांगितलेल्या ब्लॉकमध्येच तिकीट घ्या. सभासदांना आधी संधी मिळते का हेही बघा.
- गोलमागच्या भागात गाणारी, उभी राहणारी मंडळी असतात. सामना बसून बघायचा असेल किंवा बरोबर आई-वडील असतील तर बाजूच्या स्टँडची तिकिटं घ्या.
- मुलं असतील तर कुटुंबांसाठी राखलेला भाग आहे का ते बघा. शिव्या सगळीकडे ऐकू येतात, तिथे जरा कमी.
- दोन मित्रांचे दोन क्लब असतील तर मधल्या, मिश्र भागात बसा आणि रंग अंगावर घालू नका.

बाहेर रस्त्यावर "तिकीट पाहिजे का" विचारणाऱ्याकडे वळू नका. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट परत विकायला आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने बंदी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा स्क्रीनशॉट तर कधीच विकत घेऊ नका.

## ५. बरोबर काय हवं

- फोनमधलं तिकीट, घरीच वॉलेटमध्ये साठवलेलं. मैदानाजवळ हजारो फोन एकदम चालू असतात, तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही.
- पूर्ण चार्ज केलेला फोन किंवा छोटी पॉवरबँक.
- बँकेचं कार्ड. रोख पैशांच्या भरवशावर राहू नका.
- लीप कार्ड, म्हणजे बस, ट्राम नि रेल्वेच्या भाड्याचं कार्ड. मुलांसाठी मुलांचं वेगळं काढा. विद्यार्थी असाल तर विद्यार्थ्यांचं.
- सवलतीचं तिकीट असेल तर त्याचा पुरावा, म्हणजे विद्यार्थी किंवा वयाचं ओळखपत्र.
- टोपी, हातमोजे, वाऱ्याला अडवणारं जॅकेट. खुर्च्यांवर छप्पर आहे, पण पुढच्या रांगांत वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो. नोव्हेंबरमध्ये दोन तास बसून राहिल्यावर पाय गारठतात, मोजे जाड घाला.
- बॅग शक्यतो नकोच. न्यायचीच असेल तर ए-फोर कागदाच्या आकाराहून मोठी नको. मोठी छत्रीही घरी ठेवा.

रंगांबद्दल एक खास इशारा. आयर्लंड म्हणजे हिरवा, असं समजून आपली माणसं देशाची हिरवी जर्सी किंवा हिरवा स्वेटर चढवून निघतात. क्लब फुटबॉलमध्ये हिरवा हा शॅमरॉक रोव्हर्सचा रंग, कॉर्क सिटीचाही. बोजच्या स्टँडमध्ये हिरवं घालून बसणं म्हणजे नको तिकडे सगळ्यांचं लक्ष वेधून घेणं. इंग्लिश क्लबची जर्सी तर अजिबात नको. आपलं गावचं फुटबॉल सोडून टीव्हीवरच्या क्लबांमागे लागणाऱ्यांवर इथल्या चाहत्यांचा जुना राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. शंका असेल तर काळं किंवा निळं-राखाडी जॅकेट, आणि गळ्यात आपल्या क्लबचा स्कार्फ. स्कार्फ क्लबच्या दुकानातून घ्या. बाहेर फेरीवाल्यांकडे अर्धा एका संघाचा नि अर्धा दुसऱ्याचा असे स्कार्फ मिळतात, ते चाहते घालत नाहीत.

## ६. स्टेडियमवर पोहोचणं

अव्हिवा स्टेडियम बॉल्सब्रिजजवळ, लॅन्सडाउन रोडवर आहे. जुनं मैदान पाडून तिथेच २०१० मध्ये नवं उभं राहिलं. उत्तरेकडची बाजू एकदम ठेंगणी दिसते, कारण पलीकडे लागून घरं आहेत आणि त्यांचा उजेड अडू नये म्हणून स्टँड खाली ठेवला आहे.

सर्वांत सोपा रस्ता डार्टचा, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेचा. कॉनोली, टारा स्ट्रीट किंवा पिअर्सवरून गाडी पकडा, लॅन्सडाउन रोड स्टेशन मैदानाला खेटूनच आहे. पण रविवारी रुळांच्या कामासाठी डार्ट कधी कधी बंद असते, आदल्या रात्री आयरिश रेलच्या संकेतस्थळावर एकदा बघा. ती नसेल तर सेंट स्टीफन्स ग्रीनपासून चालत अर्धा-पाऊण तास लागतो आणि वाटेत चाहत्यांची सोबत मिळते. गाडी घेऊन जाऊ नका. आजूबाजूचे रस्ते बंद असतात आणि रहिवासी भागात गाडी लावली तर दंड होतो.

तिकिटावर कोणत्या रस्त्याने नि कोणत्या फाटकाने यायचं ते लिहिलेलं असतं. ते मन लावून वाचा. मैदानाला लागून रेल्वेची लाइन जाते, त्यामुळे चुकीच्या बाजूला पोहोचलात तर मोठा वळसा पडतो. सामन्याच्या तासभर आधी तिथे असा.

जेवून जा. आत बर्गर, चिप्स, हॉट डॉग असं मिळतं, रांगा लांब असतात आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात. शहरात चिप्सच्या दुकानात करी सॉस घातलेले गरम चिप्स मिळतात, थंडीत ते छान लागतात. कट्टर शाकाहारी असाल तर चिप्स कशात तळलेत ते विचारा, काही दुकानं अजून गोमांसाची चरबी वापरतात.

## ७. आत गेल्यावर

संघ मैदानात आले की त्यांची पाहुण्यांशी ओळख करून दिली जाते. आयर्लंडच्या राष्ट्रपतींनी फायनलला हजर राहण्याची जुनी प्रथा आहे. माजी राष्ट्रपती मायकल डी. हिगिन्स तर स्वतः गॉलवे युनायटेडचे निष्ठावान चाहते. मग राष्ट्रगीत होतं, ते आयरिश भाषेत आहे. शब्द येत नसले तरी उभं राहायचं, टोपी काढायची, बोलायचं नाही.

गोलमागच्या भागात कधी कधी रंगीत धुराच्या नळकांड्या पेटतात. त्या आत आणायला बंदी आहे, तरी येतात. दम्याचा त्रास असेल किंवा लहान मूल बरोबर असेल तर त्या भागापासून दूरच बसा.

आणि काहीही झालं तरी सामना संपायच्या आत उठू नका. २०१६ मध्ये कॉर्क सिटी आणि डनडॉक यांच्यातली फायनल पेनल्टीवर जाणार असं सगळे धरून चालले होते, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी शॉन मॅग्वायरने कॉर्कसाठी गोल केला. २०१० मध्ये, अव्हिवावरच्या पहिल्याच कप फायनलमध्ये, स्लायगो रोव्हर्सच्या गोलकीपरने शॅमरॉक रोव्हर्सच्या चारही पेनल्टी अडवल्या. २०२४ ची फायनल मला या सगळ्यांत जवळची. ड्रॉहेडा लीगमध्ये तळाकडे होता, खालच्या विभागात घसरण्याची टांगती तलवार होती, आणि तरी त्यांनी डेरी सिटीला २-० असं हरवलं. त्या शहरातली अर्धी माणसं त्या दिवशी डब्लिनला आली असावीत असं वाटत होतं.

## ८. भीती वाटत असेल तर

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. तेव्हापासून संध्याकाळी बाहेर पडायला आपल्यापैकी अनेक जण कचरतात. ही भीती खोटी नाही, आणि "काही होत नाही हो" असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही. फायनलच्या दिवशी मैदानात आणि बाहेर सुरक्षारक्षक नि गार्डी, म्हणजे इथले पोलीस, मोठ्या संख्येने असतात. तीन-चार जण मिळून जा. परतताना गर्दीच्या मुख्य रस्त्यानेच चाला, आडवाटा धरू नका. कुणी वंशद्वेषी बोललं तर वाद न घालता जवळच्या सुरक्षारक्षकाला खुर्चीची रांग आणि वेळ सांगा. प्रसंग गंभीर असेल तर ९९९ किंवा ११२.

याच्या जोडीला हेही तितकंच खरं आहे, की क्लबच्या स्टँडमध्ये सलग काही शुक्रवार दिसलात की शेजारचा माणूस नावाने हाक मारायला लागतो. या शहरात शेजारी जोडण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

## ९. परतताना

शिट्टी वाजली की लगेच लॅन्सडाउन रोड स्टेशनकडे धावू नका, फलाटावर जायला मोठी रांग लागते. आपला संघ जिंकला असेल तर कप उचलेपर्यंत थांबा, हरला असेल तरी खेळाडू आपल्या स्टँडसमोर येतात तेव्हा टाळ्या वाजवून मग निघा. तोवर रांग कमी झालेली असते. घाई असेल तर उत्तरेला ग्रँड कॅनल डॉक किंवा दक्षिणेला सँडीमाउंट स्टेशनपर्यंत चालत जा. पिअर्सपर्यंत चालणंही अवघड नाही. मुलांबरोबर असाल तर हरवल्यास कुठे भेटायचं ती जागा आत जाण्याआधीच ठरवा, आणि लहानग्यांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

घरी पोहोचल्यावर, अंगात ऊब असतानाच, आपल्या क्लबच्या पुढच्या हंगामाच्या पासची किंमत बघून ठेवा. हिवाळ्यात नोंदणी सुरू होते आणि लवकर घेणाऱ्याला बऱ्याचदा सवलत मिळते. लीग फेब्रुवारीत पुन्हा चालू होते, आणि तेव्हाची थंडी नोव्हेंबरपेक्षा जास्त असते, तेव्हा हातमोजे वर ठेवून देऊ नका.